बदली झाली, आता रेशनकार्डाचं काय?

प्रश्न : यजमानांची बुलढाण्याहून मलकापूरला बदली झाली आहे. जूनच्या आत घर हलवायचं आहे. आधी रेशनकार्ड रद्द करावं लागतं आणि दाखला हाती असल्याशिवाय नवी शाळा मुलीला (सहावी) घेत नाही, असं शेजारी सांगतात. झोप उडाली आहे. – एक गृहिणी, बुलढाणा

उत्तर : ताई, दोन्ही भीती सोडा. आधार जोडलेलं कार्ड असेल तर अंगठा लावून मलकापुरातही धान्य मिळतं. पत्ता सावकाश बदला. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार आठवीपर्यंत दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. तरी शाळेला सुट्ट्या लागण्याआधी अर्ज देऊन ठेवा, म्हणजे हेलपाटे वाचतील.

गॅसचं मात्र आधी बघा. गाव बदलतं तेव्हा सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून अनामत परत घ्यायची आणि ट्रान्सफरचा कागद सांभाळायचा. भरलेलं सिलिंडर सामानात टाकू नका.

राजूर घाटाची वळणं काचेच्या बरण्यांना मानवत नाहीत. त्या गोधडीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत खोचा. आमच्याकडे लोणचं असंच सुखरूप पोचलं होतं. फ्रीज उभाच न्या. आडवा करावा लागलाच तर उतरवल्यावर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा. टेम्पो पहाटे भरा, मे महिन्यात मलकापूरचं ऊन बुलढाण्यासारखं नसतं. कागदपत्रं, दागिने, औषधं आणि चहा-साखरेची पिशवी टेम्पोत नको, तुमच्या मांडीवर.