भरदार खर्ज, बेताचे पैसे

समजा, तुमच्या शाळेच्या वाद्यवृंदाला एक बेस गिटार हवी आहे. पेटी, तबला, साधी गिटार आहे. पण खाली खर्जाचा आधार नाही. वर्षभर साठवलेली वर्गणी घेऊन तुम्ही दुकानात गेलात. दुकानदाराने दोन वाद्ये पुढे ठेवली. एकीचा रंग मुद्दाम जुना, झिजल्यासारखा केलेला. "हिचा आवाज थेट साठ सालच्या तबकड्यांसारखा," असे तो सांगतो. तिच्यासाठी सगळी वर्गणी मोजावी लागेल. दुसरी साधी, कोणीतरी वापरलेली, किंमत निम्मी. कोणती घ्यावी?

प्रश्न पैशांचा दिसतो. पण त्याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तो गोल, मऊ, भरदार आवाज कशाने निर्माण होतो हे कळले, म्हणजे पैसे कोठे खर्च करावेत व कोठे करू नयेत हेही कळते.

एका तारेत अनेक स्वर

बेस गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढच्या तीन तारांची कंपने अनुक्रमे ५५, ७३ व ९८ असतात. परंतु तार नुसती सबंध लांबीने हालत नाही. त्याच वेळी ती दोन, तीन, चार अशा समान भागांतही कंप पावत असते. त्यामुळे ४१ च्या मूलस्वराबरोबर सुमारे ८२, १२४, १६५ कंपनांचे उपस्वरही निघतात. मूलस्वर व उपस्वर यांचे प्रमाण बदलले, की आवाजाची जात बदलते.

तंबोरा जुळवताना घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुलवतात, हे तुम्ही पाहिले असेल. तेथे उपस्वर फुलवायचे असतात. जुन्या धाटणीच्या बेसचे काम नेमके उलटे आहे. तेथे वरचे उपस्वर झाकायचे आणि मूलस्वर व त्याच्या जवळचे उपस्वर पुढे आणायचे. हे झाकण्याचे काम कोठे कोठे होते ते पाहू.

बोट आणि तार

तार घोडीजवळ छेडली तर आवाज टणक व धारदार येतो. मध्याकडे सरकत छेडली तर मऊ येतो. मध्याकडे छेडल्याने मूलस्वराला अधिक जोर मिळतो व वरचे उपस्वर दुबळे होतात. या फरकाला एक पैसाही लागत नाही!

आता तारेकडे पाहा. जाड तारेत मधोमध पोलादी तार असून तिच्याभोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. हे वेष्टन गोल तारेचे असेल तर पृष्ठभाग खरखरीत राहतो आणि आवाज चमकदार होतो. वेष्टन सपाट पट्टीचे असेल तर तार गुळगुळीत लागते, वरचे उपस्वर लवकर विरतात आणि बोट सरकल्याचा करकर आवाजही होत नाही. १९५० च्या दशकात बेसवर सपाट वेष्टनाच्या ताराच सर्रास असत. म्हणजे आपण ज्याला 'जुना आवाज' म्हणतो, त्यातला मोठा वाटा या तारांचा आहे, आणि तारा कोणत्याही वाद्यावर बदलता येतात.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) अशाच सपाट तारा वापरीत व त्या क्वचितच बदलीत. जुनी तार मळते, तिची चमक जाते. त्यांना तेच हवे होते. घोडीजवळ तारांखाली ते फेसासारख्या मऊ पदार्थाचा तुकडाही ठेवीत. आपल्याला स्पंजाचा तुकडा पुरतो.

पिकअपची जागा

१९५१ साली लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियात आपली प्रिसिजन बेस बाजारात आणली. उभ्या डबल बेसला पडदे नसतात, हिला होते. त्यामुळे स्वर नेमक्या जागी लागे, म्हणून नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूकता. तिच्या तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे होते. यालाच पिकअप म्हणतात. पोलादी तार हालली, की चुंबकीय क्षेत्र बदलते व वेढ्यांत विद्युत् दाब निर्माण होतो. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी शोधलेले प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच.

पिकअप फक्त आपल्या डोक्यावरची हालचाल 'ऐकतो'. घोडीपासून तारेच्या एक-चतुर्थांश अंतरावर मूलस्वराचा झोका मध्यावरच्या झोक्याच्या सुमारे ७१ टक्के असतो. एक-द्वादशांश अंतरावर तो अवघा २६ टक्के असतो. याच दुसऱ्या जागी सहावा उपस्वर मात्र पूर्ण झोक्यात असतो! म्हणून मऊ आवाजासाठी घोडीला चिकटलेल्या पिकअपपेक्षा दूरचा पिकअप पाहावा.

टोनचे बटण

वाद्यावरच्या टोनच्या बटणामागे एक छोटा कॉन्डेन्सर असतो, बहुधा ०.०४७ मायक्रोफॅरडचा. त्याचा अडथळा कंपनसंख्या वाढेल तसा कमी होतो. १०० कंपनांना तो सुमारे ३४,००० ओहम, तर २,००० कंपनांना केवळ १,७०० ओहम असतो. बटण पूर्ण उतरवले, की वरचे उपस्वर या सोप्या वाटेने निघून जातात आणि खर्ज मागे उरतो. हा भाग अगदी स्वस्त असतो व महाग-स्वस्त दोन्ही वाद्यांत सारखेच काम करतो.

मग पाहायचे काय?

रंग, शिक्का व झिजल्याचा आव यांचा तारेच्या कंपनाशी संबंध नाही. जे सहज बदलता येत नाही, ते मात्र पारखून घ्यावे.

पहिली परीक्षा दांडीची. एक तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबा. ताणलेली तार म्हणजे सरळ पट्टीच. मध्यभागी तार व पडदा यांत पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठीक. थोडा बाक दांडीतील पोलादी सळई पिळून दुरुस्त होतो. पण दांडीला पीळ पडला असेल तर ते वाद्य घेऊ नये.

दुसरी परीक्षा पडद्यांची. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवा. कोठे खरखर होते का ऐका. बाराव्या पडद्यावर तार दाबून येणारा स्वर व तेथेच बोट हलके टेकवून छेडल्यावर येणारा स्वर एकच असला पाहिजे. थोडा फरक घोडीवरचा स्क्रू फिरवून जातो.

तिसरी गोष्ट लांबीची. नेहमीच्या बेसची कंप पावणारी तार ८६४ मिलिमीटर असते; आखूड बेसची ७६२. आखूड वाद्यावर तीच तार त्याच स्वराला सैल राहते. बोटांना हलकी लागते आणि आवाजही मऊ येतो. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हॅम्बुर्गमध्ये घेतलेली हॉफनर बेस अशीच आखूड होती. फेंडर परवडत नाही म्हणून ती घेतली, असे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

आता दुकानात परत या. साधी बेस या परीक्षांत उतरली, तर तीच घ्यावी. उरलेल्या पैशांत सपाट वेष्टनाच्या तारा आणि मोठ्या स्पीकरचा अँप्लिफायर घ्यावा. कारण लहान स्पीकर ४१ कंपनांसाठी पुरेशी हवा हालवू शकत नाही. वर्गणीचा एक रुपयाही रंगावर खर्च होणार नाही.

करून पाहा

१. तुणतुणे, एकतारी किंवा गिटार घ्या. तार आधी मध्यावर, मग टोकाशी छेडा. आवाजात कोणता फरक पडतो?

२. वाजत्या तारेच्या बरोबर मध्यावर बोट हलकेच टेकवून उचला. स्वर वर का जातो?

३. तार व स्वर तेच असतील तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ८६४ ऐवजी ७६२ मिलिमीटर लांबी घेतल्यास ताण किती टक्क्यांनी कमी होईल? (उत्तर : सुमारे २२)