दूध पुरत नाही, हे ठरवलं कुणी?

"डॉक्टर, हिचं दूधच पुरत नाही." बाळंतिणीने तोंड उघडण्याआधी तिची सासू, आई किंवा नवरा हे सांगून मोकळा होतो. बाळ रडतं म्हणजे उपाशी आहे, उपाशी आहे म्हणजे दूध कमी आहे, मग करा वरचं दूध सुरू. या हिशेबाची पहिली पायरीच चुकीची आहे. बाळ लंगोट ओला झाला म्हणून रडतं, उकडतंय म्हणून रडतं, कुणीतरी उचलून घ्यावं म्हणूनही रडतं. तिन्हीसांजेला तर कितीतरी बाळं किरकिरतात आणि पुन्हा पुन्हा प्यायला मागतात. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास भूक एकाएकी वाढते, बाळ तासातासाला पितं. नेमक्या याच दिवसांत घरात बाटली येते.

परवा वीस दिवसांचं बाळ घेऊन एक कुटुंब आलं. आजींच्या पिशवीत निम्मं पाणी घातलेल्या गाईच्या दुधाची बाटली होती, आदल्याच दिवशी सुरू केलेली. आईचे डोळे रडून सुजलेले. वजनकाटा पाहिला. जन्मावेळी 2 किलो 800 ग्रॅम, आता 3 किलो 150. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. हे बाळ तर त्याच्याही पुढे गेलं होतं. "आजी, दूध पुरत नसतं तर हे वजन आलं कुठून?" खरा त्रास वेगळाच होता. बाळ नुसतं स्तनाग्र ओढत होतं, स्तनाग्राला चिरा पडल्या होत्या आणि आई कळवळून बाळाला लवकर सोडवत होती. बाळाचं पोट आईच्या पोटाला लावलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबलो, मग स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही बराचसा तोंडात जाईल असं धरलं. हनुवटी स्तनाला टेकली, खालचा ओठ बाहेर वळला आणि दूध गिळल्याचा आवाज ऐकू यायला लागला. औषधाची चिठ्ठी लिहावीच लागली नाही.

बाळ जितकं ओढेल तितकं दूध पुढे तयार होतं. रात्रीचं पाजणं तर मुळीच चुकवू नका, दूध तयार करणारं संप्रेरक तेव्हा जास्त असतं. बाटली दिली की बाळ तीन तास झोपतं, स्तन रिकामे होत नाहीत आणि शरीर दूध कमी करतं. आठ-पंधरा दिवसांत दूध खरोखरच आटतं. मग घरचे म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो!

पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर चीक थोडाच असतो, कारण तान्ह्याचं पोट एवढंसं असतं. तो पिळून टाकू नका, आणि त्याच्याऐवजी मध तर चाटवूच नका. मधातून स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो, म्हणून वर्षभर मध नाही. पहिले सहा महिने पाणीही नको, अगदी विदर्भातल्या मे महिन्यातसुद्धा. अळीव, डिंकाचे लाडू बाळंतिणीने जरूर खावेत, तिला ताकद हवीच. पण मोबाइलवर पाहून मागवलेली 'दूध वाढवणारी' पावडर पाहिली की मला संताप येतो. बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला तर 1992च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

दूध पुरतंय का, ते लंगोट सांगतात. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल आणि वजन वाढत असेल, तर निर्धास्त राहा. काही मोजक्या मातांना दूध खरंच कमी येतं. त्यात त्यांचा दोष नसतो. अशा वेळी वरचं दूध कोणतं आणि किती, हे डॉक्टरांना ठरवू द्या आणि ते वाटी-चमच्याने पाजा. मात्र शू कमी होत असेल, चौथ्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग पडत असतील, बाळ प्यायलाही जागं होत नसेल, पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला असेल, अंग तापलं किंवा गार पडलं असेल, तर घरी उपाय करत बसू नका. रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आईची छाती लाल होऊन दुखत असेल आणि ताप असेल तर तिनेही दाखवावं, पण त्या बाजूने पाजणं थांबवू नये.

सहा महिन्यांनी मऊ भात, वरण, नाचणीचं सत्त्व सुरू करा, पण अंगावरचं दोन वर्षं आणि पुढेही चालू द्या. "वर्षानंतर दुधात कस उरत नाही" हे खोटं आहे. दुसऱ्या वर्षातही बाळाच्या ऊर्जेच्या गरजेचा सुमारे तिसरा हिस्सा त्यातून भागू शकतो. नोकरीवर परतणाऱ्यांनी दूध काढून झाकणाच्या स्वच्छ भांड्यात ठेवावं. थंड खोलीत ते चार तास टिकतं, उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये ठेवा. ते उकळू नका, भांडं कोमट पाण्यात धरा. आणि घरी पोचलात की चहाच्या आधी बाळाला घ्या.