बोरमाळ गहाण ठेवू नकोस

मोडनिंब, ता. माढा
मार्गशीर्ष

चि. मनू हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा एसटी स्टँडवर तुझी धाकटी काकू भेटली. कुर्डुवाडीची गाडी लागायला वेळ होता म्हणून बोलत उभ्या राहिलो आणि तेवढ्यात तिनं माझी झोप घालवली. म्हणाली, मनूनं पुण्यात कॅमेरा ठरवलाय, पंच्याऐंशी हजारांचा, आणि त्यासाठी आजीची बोरमाळ सोनेतारणात ठेवायचं चाललंय. दादाला अजून पत्ता नाही म्हणे. काकूचं बोलणं मी निम्मंच धरते. तुझ्या बारावीच्या मार्कांचं तिनं गावभर काय केलं होतं ते मी विसरलेले नाही. पण निम्मं खरं असलं तरी त्या निम्म्यात बोरमाळ नसावी.

आधी रागावून घेते, बाकीचं मग.

अगं, ती बोरमाळ म्हणजे काय बँकेतली एफडी वाटली तुला? १९७२ च्या दुष्काळात आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात सुकडी शिजायची. तेव्हा शेजारच्या दोघी-तिघींचं सोनं सावकाराकडे गेलं ते गेलंच. आईनं माळ लुगड्याच्या घडीत बांधली आणि ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवली, पण बाहेर काढली नाही. माझ्या लग्नात ती मला मिळायची होती. आईनं मला स्पष्ट सांगितलं, "ही दादाच्या लेकीला." मी चकार शब्द काढला नाही. म्हणजे मला वाईट वाटलं नव्हतं असं समजू नकोस. आणि आता ती माळ पुण्यातल्या कुठल्या तरी काउंटरवर काट्यात पडणार, तिच्यातली लाख वजा करून कुणी पोरगा तिची किंमत सांगणार, हे डोळ्यांपुढं आलं की पोटात कालवतं. हप्ते थकले की लिलावाची नोटीस येते, बाई. सोनेतारणाचं तसंच असतं.

आता कॅमेऱ्याचं. तुझी आत्या अडाणी म्हणून बोलतेय असं समजू नकोस. ह्यांच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून "हनुवटी वर, डोळे उघडे" म्हणायचं काम ह्यांचं. पण आतल्या खोलीत लाल बल्बखाली डेव्हलपर आणि हायपो मी ढवळलेला आहे. बघायच्या फोटोतल्या मुलींच्या गालावरचे देवीचे व्रण निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं मी बुजवलेत. माढा तालुक्यातल्या कितीतरी सोयरिकी माझ्या पेन्सिलीवर जुळल्या.

काकूनं नाव नीट सांगितलं नव्हतं, पण ह्यांनी ओळखलं. ते रीलवाल्यांचं लाडकं, कॅननचं जी सेव्हन एक्स मार्क थ्री. २०१९ सालचं आहे ते. चांगलं आहे, वाईट म्हणणार नाही. पण त्याच्यात आत बसलंय काय ते बघ. आमच्या वेळी निगेटिव्ह जेवढी मोठी तेवढा प्रिंट स्वच्छ निघायचा, म्हणून ह्यांची याशिका मॅट ३५ मिलीमीटरला हसायची. आता निगेटिव्हच्या जागी सेन्सर आला, पण हिशेब तोच आहे. स्वस्तातल्या छोट्या कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलीमीटरचा असतो, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. तुझ्या त्या महागड्यात तो १३.२ बाय ८.८ चा आहे, चौपट क्षेत्रफळाचा. संध्याकाळी, मांडवात, देवळाच्या गाभाऱ्यात फोटो चांगला येतो तो याच्यामुळं. पण हाच १३.२ बाय ८.८ चा सेन्सर सोनीनं २०१२ साली आरएक्स हंड्रेड या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यात घातला होता. त्याचं वजन २४० ग्रॅम, भिंग एफ १.८ पासून उघडतं आणि तो मोबाईलच्या जुन्या केबलनं चार्ज होतो. तो आता जुन्या बाजारात त्या पंच्याऐंशी हजारांच्या पाव-चतकोर किमतीत मिळतो, असं सोलापूरचा आमचा ओळखीचा दुकानदार म्हणतो. उरलेले पैसे कशाचे, तर फोरके व्हिडिओचे, माइकच्या भोकाचे आणि स्वतःकडं वळवून बघायच्या पडद्याचे. तुला स्वतःलाच बघत बोलायचं असेल तर तसं सांग. पण तू तर मला दिवाळीत म्हणाली होतीस, आषाढीत नाथांच्या पालखीबरोबर चालायचंय, फोटो काढायचेत. मग पडदा स्वतःकडं वळवून करायचंय काय?

आणि मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नकोस. सहा बाय चारचा प्रिंट एकदम स्वच्छ काढायला २ मेगापिक्सेल पुरतात. बारा बाय आठचा काढायला ९ पुरे. दुकानातला पोरगा ४८ म्हणेल, ६४ म्हणेल, मान हलवायची आणि सेन्सर केवढा ते विचारायचं. झूमही ऑप्टिकलच बघ. डिजिटल झूम म्हणजे एन्लार्जर वर नेऊन कडा छाटणं, ते घरी बसून फुकटात करता येतं.

हे शेजारी बसून वाचतायत आणि म्हणतायत, तिला खरं काय ते लिही. तर खरं असं, की तुरीच्या दाण्याएवढ्या सेन्सरचा नवा कॅमेरा घेण्यापेक्षा तुझ्या हातातला फोनच बरा. फोन आठ-दहा फोटो एकावर एक रचून अंधारातलंही उजळ करतो, छोट्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. त्या कॅमेऱ्याची दोनच कामं. एक, लांबचं जवळ आणणं. दुसरं, फोटो काढताना मध्येच कुणाचा फोन न येणं. दुसऱ्याची किंमत तुझ्या वयात कळत नाही.

जुना घ्यायचा ठरला तर हात लावून घे. चालू-बंद दहादा कर, भिंग बाहेर येताना घरघरलं किंवा मध्येच अडलं तर ठेवून उठायचं, ते दुरुस्त होत नाही. झूम पूर्ण लांब करून मोकळ्या आभाळाचा एक फोटो काढ. त्यात काळे ठिपके दिसले तर आत धूळ गेलेली आहे, आणि या कॅमेऱ्यांचं भिंग निघत नाही, मग पुसणार कुठून? मोबाईलची बॅटरी लावून भिंगात तिरकं बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. बॅटरीची खिट्टी उघडून बॅटरी सहज बाहेर पडते का ते बघ, फुगलेली अडकून बसते. फार जुना घेऊ नकोस. २००६ च्या आधीचे कॅमेरे दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखत नाहीत, आणि जुन्या ऑलिंपसची एक्सडी कार्डं शोधायला तुला सात दुकानं पालथी घालावी लागतील. कॅमेरा बाहेर उन्हात नेऊन त्याचा पडदा दिसतो का ते बघ, दुकानातल्या एसीत सगळेच दिसतात. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन तुला सांगायला नको. नवा घेतलास तर जीएसटी नंबरचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी. बिलाविना चार हजार कमी म्हणाला तर नमस्कार करून बाहेर पडायचं.

आणि मोबाईलवर बघून अनोळखी माणसाला एक रुपया पाठवायचा नाही. "मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून विकतोय" असं सांगणारे खूप निघालेत. पैसे घ्यायला कधी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, हे तुझ्या कॉलेजात शिकवतात की नाही कोण जाणे.

शून्य टक्के व्याजाचे हप्ते म्हणतात, तेही नको. प्रोसेसिंग फी लावतात, तिच्यावर जीएसटी लावतात आणि रोखीत मिळणारी सूट जाते. पण मला पैशाची भीती नाही इतकी. खरं सांगू?

ह्यांची याशिका मॅट आम्ही एका पतसंस्थेचं कर्ज काढून घेतली होती. रोल बारा फोटोंचा. कर्जाचा कॅमेरा, म्हणून प्रत्येक फोटोनं पैसे आणलेच पाहिजेत. हॉल तिकिटाचे फोटो, बघायचे फोटो, लग्नं, मुंजी, साखर कारखान्याचे उद्घाटनाचे पाहुणे. त्या वर्षांत आई दर हिवाळ्यात बार्शीहून यायची, बार्शी लाईटच्या छोट्या गाडीनं. तू ती गाडी पाहिली नाहीस. अडीच फुटी रूळ, डबे म्हणजे खेळण्यातले, आणि चाल अशी की माणसं उतरून कडेला लघवी करून परत चढायची. वारीच्या दिवसांत टपावरसुद्धा जागा नसायची. आई मोडनिंबच्या फलाटावर उतरायची ती पदर दातांत धरून, एका हातात बोचकं, दुसऱ्या हातानं डब्याचा दांडा घट्ट पकडून, कारण फलाट खाली आणि पायरी वर. पाय आधी चाचपून बघायची, मग टाकायची. मी दरवर्षी तिला घ्यायला जायचे आणि दरवर्षी मनात यायचं, हा फोटो काढायला हवा. ह्यांना म्हटलं की म्हणायचे, रोलात दोनच उरलेत, उद्या अरणच्या पाटलांकडं साखरपुडा आहे. पुढच्या वर्षी काढू.

कर्ज फिटलं तेव्हा आईचे गुडघे गेले होते, ती यायची बंद झाली. मग रूळ रुंद झाले, ती गाडीच गेली. हजारो तोंडं मी आतल्या खोलीत पाण्यातून वर येताना पाहिली, त्यात माझी आई नाही. बोरमाळ घातलेला तिचा फोटो घरात एकच आहे, तुझ्या आईबाबांच्या लग्नातला, आणि त्यातही पुढं कुणाचा तरी फेटा आलाय.

ह्यांचा दोष नाही गं त्यात. कर्जाचा कॅमेरा तसाच वागवतो. तू पंच्याऐंशी हजारांचा घेशील आणि हप्ता भरायला शनिवार-रविवार लोकांचे प्रीवेडिंग काढत हिंडशील. आषाढीला लग्नं नसतात, पण वाढदिवस असतात, दुकानांची उद्घाटनं असतात. पालखी अरणावरून करकंबाकडं निघून जाईल आणि तू हडपसरला कुणाच्या तरी केकवर फ्लॅश मारत असशील. वर पाऊस आला की कॅमेरा पोटाशी धरून कुणाच्या तरी ओसरीत उभी राहशील, कारण भिजला तर हप्ता तसाच राहणार. स्वस्तातला असला तर चिखलात उतरशील.

वारीत तर लहानच बरा. मोठं भिंग समोर आलं की माणसं टाळ सावरतात, पदर नीट करतात, हसतात. ह्यांच्याकडं जुनं फोटोग्राफीचं मासिक यायचं, त्यात त्या फ्रेंच कार्तिए-ब्रेसाँचं वाचलेलं आठवतं. एवढा नावाजलेला माणूस, पण हातात छोटा लायका, आणि त्याचे चकचकीत भागसुद्धा काळी पट्टी लावून झाकायचा, कुणाचं लक्ष जाऊ नये म्हणून. १९४८ च्या जानेवारीत गांधीजी गेले त्याच दिवशी हा त्यांना भेटून, फोटो काढून आला होता.

आषाढात नाथांची पालखी अरणला आली की आमच्याकडंच उतर. इथून अरण किती, गाडीवर पंधरा मिनिटं. आणि आषाढी झाल्यावर वद्य पक्षात सावता महाराजांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी अरणला येते, ते बघायला तर थांबच. एकादशीला सगळं जग पंढरपूरला जातं. त्यानंतर देव स्वतः माळ्याच्या मळ्यात येतो, ते बघायला पुण्याचे फोटोवाले क्वचितच येतात.

रागावले असेन तर रागावू नकोस. तू लहानपणी ह्यांच्या स्टुडिओतला रिकामा फिल्मचा डबा कानाला लावून "हॅलो" म्हणत बसायचीस. कॅमेऱ्याचं वेड तुला कुठून आलं, हे दादाला कळत नसेल पण मला कळतं. म्हणून तर पत्र लिहितेय, फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" करून ठेवून देतेस.

माझी भिशी फेब्रुवारीत लागतेय, वीस हजारांची. ते तुझे. परत करायचे नाहीत, ह्यांनीही मान हलवलीय. त्यात जमेल तो घे. पुण्यात बुधवार पेठेत नाही तर सोलापुरात, पण बघायला ह्यांना बरोबर घे. त्यांचे डोळे अधू झालेत, पण भिंग हातात घेतलं की त्यांना अजून कळतं, आणि तेवढंच त्यांचंही पुण्याला जाणं होईल. स्टुडिओ बंद केल्यापासून झेरॉक्सच्या दुकानात बसून माणूस सुकलाय.

आणि बोरमाळ खरंच ठेवली असशील, तर रडत बसू नकोस. पावती जपून ठेव आणि सोडवायला किती लागतात तेवढं कळव, भिशी आधी तिकडं लावू, कॅमेऱ्याचं नंतर बघू. दादाला मी काही बोललेली नाही, बोलणारही नाही. काकूला म्हटलंय, तू चुकीचं ऐकलंस.

बोरं या आठवड्यात चांगली आलीत, चमेली नाही, गावरानच, तुला आवडतात ती. ट्रॅव्हल्सवाल्याकडं पिशवी देते, स्वारगेटला सकाळी सहाला घे, उशीर केलास तर तो पुढं घेऊन जातो. फोन कर, पण नऊच्या पुढं, तोवर ह्यांची मालिका संपते.

तुझी,
आत्या