भिंतीकडे तोंड केलेलं चित्र

प्रश्न : चित्र पूर्ण झालंसं वाटतं, पण त्यातल्या चुका घरच्यांनाच आधी दिसतात. असं का?

उत्तर : डोळा सरावतो, म्हणून.

यावर व्हेनिसचा चित्रकार तिशियन याचा उपाय जालीम होता. पहिले रंग लावून झाले की तो कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवी, कधी कधी महिनोन्‌महिने. मग ते चित्र म्हणजे जणू हाडवैरी, अशा नजरेने तपासायला घेई, अशी पाल्मा जोव्हाने या चित्रकाराची आठवण आहे.

एवढा धीर कोणाला असतो? घाई असेल तर आरसा घ्यावा. आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने तो चित्रकलेवरच्या १४३५च्या ग्रंथात सुचवला, पुढे लिओनार्दो दा विंचीनेही. डावं-उजवं उलटलं की चित्र परक्या हातचं वाटतं आणि एरवी निसटलेला तिरका डोळा लगेच खुपतो. मोबाइलवर फोटो उलटवूनही हे जमतं. रंगांची पारख मात्र पडद्यावर करू नये.