डोंगराच्या पोटात

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : घाटात दरड कोसळली, वाहतूक बंद. रस्त्यावरची माती हटवली जाते, गाड्या सुरू होतात आणि आपण ती बातमी विसरून जातो. पण काही दरडी विसरता येत नाहीत. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगराचा एक भाग घसरून आला आणि सुमारे दीडशे माणसे प्राणास मुकली.

दरड कोसळण्याला शास्त्रात भूस्खलन म्हणतात. 'भू' म्हणजे जमीन (हा शब्द तर उर्दूत आणि मराठीत एकच आहे) आणि 'स्खलन' म्हणजे घसरणे. पाऊस साऱ्या डोंगरावर पडतो. मग एकच उतार का घसरतो? शेजारचा जागच्या जागी का राहतो?

एक प्रयोग करून पाहा. बाकावर वह्यांची चळत ठेवा आणि बाक हळूहळू तिरका करा. वरच्या वह्या घसरू लागतील. खडकांचेही असेच थर असतात. थरांचा कल डोंगराच्या उताराच्याच दिशेने असेल, तर वरचे थर घसरण्याची भीती जास्त. थर डोंगराच्या आत कललेले असतील, तर ते बरेच टिकून राहतात. खडकांत भेगाही असतात. त्यांत पाणी शिरले की आतून दाब वाढतो. ज्या मोठ्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांवरून सरकलेले असतात, तिला प्रस्तरभंग म्हणतात. तिच्या आसपासचा खडक चुरडलेला व कमकुवत असतो.

हे सारे झाडीखाली आणि मातीखाली झाकलेले असते. शिवाय दरडी कोसळतात ऐन पावसात, तेव्हा उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला फक्त ढग दिसतात. येथे रडार उपयोगी पडते. रडार आपल्या लहरी (उर्दूत आपण त्यांना 'मौज' म्हणतो) स्वतः पाठवते आणि जमिनीवर आपटून परत आलेल्या लहरींवरून चित्र तयार करते. त्याला सूर्यप्रकाश लागत नाही, ढगही त्याला अडवत नाहीत.

उपग्रहावरचे रडार सरळ खाली न पाहता एका बाजूला तिरके पाहते. अंधाऱ्या खोलीत विजेरी जमिनीलगत धरली, तर लहानसा खडाही लांब सावली टाकतो. तसेच रडारच्या चित्रात डोंगरांचे उंचवटे उठून दिसतात. एखादी नदी एकाएकी काटकोनात वळते, तीन-चार खिंडी एका सरळ रेषेत येतात. अशी रेषा दिसली की भूशास्त्रज्ञ हातोडी आणि होकायंत्र घेऊन तेथे पायी जातात व थरांचा कल मोजतात. प्रत्येक रेषा प्रस्तरभंगच असते असे नाही. कधी कधी ती जुनी सडकही निघते!

रडारचे दुसरे काम अधिक नवलाचे आहे. युरोपच्या सेंटिनेल-१ या उपग्रहाच्या लहरीची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर आहे. लहर जाते आणि परत येते. म्हणून जमीन उपग्रहापासून फक्त २.८ सेंटिमीटर दूर गेली, तरी येण्याजाण्याच्या वाटेत एक पूर्ण लहर वाढते. दोन वेगवेगळ्या तारखांची चित्रे ताडून हा फरक काढता येतो. सुमारे ७०० किलोमीटर उंचीवरून दोन-चार बोटांची हालचाल कळते!

उत्तराखंडातील जोशीमठ हे गाव अलकनंदा नदीच्या खोऱ्यात, डोंगराच्या उतारावर वसले आहे. २०२४ साली त्याचे नाव ज्योतिर्मठ करण्यात आले. जानेवारी २०२३ मध्ये तेथील ८०० हून अधिक घरांना तडे गेले. लोकांना थंडीच्या दिवसांत घरे सोडावी लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने रडारची चित्रे तपासली. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली होती. खचलेल्या भागाचा आकार वर निमुळता आणि खाली पंख्यासारखा पसरलेला होता. भूस्खलनाचा आकार साधारण असाच असतो. त्याचे टोक औलीला जाणाऱ्या रस्त्याजवळ होते.

असे का झाले? जोशीमठ अखंड खडकावर नाही, जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर उभे आहे. मिश्रा समितीने हे १९७६ सालीच लिहून ठेवले होते. मोठी बांधकामे करू नयेत, उतारावरचे दगड खणून वा सुरुंग लावून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, असेही तिने सांगितले होते. तरीही उतारावर इमारती वाढत गेल्या. म्हणून माझ्या मते येथे यंत्राचे कौतुक थोडे आवरलेले बरे. रडारने सेंटिमीटर मोजले; धोका मात्र सत्तेचाळीस वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

रडारलाही मर्यादा आहेत. उंच कड्यामागची बाजू त्याच्या सावलीत राहते. उपग्रह काही दिवसांनी परत येतो, आणि दरड काही क्षणांत कोसळते. दाट झाडीत लहान लहरी पानांवरूनच परत फिरतात. या शेवटच्या अडचणीवर भारत आणि अमेरिकेने मिळून 'निसार' उपग्रह तयार केला. त्याच्या एका रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांब आहे. ती पानांतून बरीच खाली पोहोचते. बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच जागेवर येतो. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून तो आकाशात गेला. माळीणच्या दुर्घटनेला त्या दिवशी अकरा वर्षे झाली होती.

स्वाध्याय
१. थरांचा कल आणि डोंगराचा उतार यांचा संबंध वह्यांच्या प्रयोगावरून सांगा.
२. मिश्रा समितीने कोणत्या सूचना केल्या होत्या?
३. 'हमखास', 'चळत', 'निमुळता' हे शब्द वाक्यांत वापरा.