सामोआतले किराणा दुकान

पॅसिफिक महासागर फार मोठा आहे. हवाई बेटे आणि न्यूझीलंड यांच्या साधारण मध्यावर या महासागरात सामोआ नावाचा देश आहे. देश लहान. वस्ती सुमारे २ लाख. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. बेटे पुष्कळ आहेत, पण मोठी दोनच. एकाचे नाव उपोलू, दुसऱ्याचे सावाई. आपल्या सव्वा-सवाईशी या नावाचा काही संबंध नाही बरे का! राजधानीचे गाव आपिया. ते उपोलू बेटावर आहे.

या देशात गावोगाव लहान लहान किराणा दुकाने आहेत. त्या दुकानांची हकीकत या धड्यात सांगायची आहे. तिथला दुकानदार आपल्याहून फार निराळा नाही. त्याची मुख्य अडचण तर तुम्ही ऐकताक्षणी ओळखाल.

सामोआच्या भाषेत दुकानाला 'फालेओलोआ' म्हणतात. फाले म्हणजे घर. ओलोआ म्हणजे माल. मालाचे घर ते दुकान. हा ओलोआ शब्द जुना आहे. दुकाने नव्हती तेव्हाही तो होता. लग्नात नवऱ्या मुलाकडची मंडळी ज्या वस्तू देत, त्या ओलोआ. मुलीकडची मंडळी बारीक विणीच्या सुंदर चटया देत. त्या चटयांना आजही फार मान आहे. म्हणजे पाहा, माल हा शब्दच मुळी देण्याघेण्याच्या नात्यातून आला. विकत घेणे मागाहून आले.

दुकान कसे असते? एक खोली. रस्त्याच्या कडेला, बहुधा घराच्या अंगणातच. पुढे फळी, फळीवर जाळी. जाळीच्या खिडकीतून पैसे आत द्यायचे, जिन्नस बाहेर घ्यायचा. आत फळ्यांवर तांदूळ, साखर, पीठ, मीठ, साबण, काडेपेटी, डासांची उदबत्ती, पाव, बिस्किटे. आणि डबे! डबाबंद मासे आणि डबाबंद गोमांस. चारी बाजूंना समुद्र असून लोक डब्यातले मासे घेतात, याचे नवल वाटेल. पण रोज कोण समुद्रावर जाणार? डबा टिकतो, पाहुणा आला की उघडता येतो, आणि देण्याघेण्यातही चालतो.

डब्यातल्या गोमांसाला तिथे 'पिसुपो' म्हणतात. या शब्दाची गंमत आहे. गोऱ्या लोकांनी आधी वाटाण्याच्या सूपचे डबे आणले. इंग्रजीत त्याला 'पी सूप' म्हणतात. सामोअन लोकांनी त्याचे पिसुपो केले. पुढे डब्यात गोमांस येऊ लागले, पण नाव तेच राहिले. आपण नाही का कसल्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणत? तसेच.

घरचे मुख्य अन्न मात्र दुकानातले नव्हे. ते शेतातले. नारळ, केळी, फणसासारखे दिसणारे निरफणस, आणि अळूचे कांदे. हो, आपले अळूच! त्याला ते 'तालो' म्हणतात. त्याची पाने नारळाच्या दुधात शिजवतात, कांदे भाजतात किंवा उकडतात. एके काळी हे तालो परदेशी विकून गावात रोकड येई. १९९३ साली त्याच्या पानांवर करपा पडला आणि रानेच्या राने गेली. शेतात रोग पडला की दुकानाच्या पेटीतही खडखडाट होतो, हे काय सांगायला हवे?

गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक पोरेसोरे. आई म्हणते, "जा रे, पाव घेऊन ये," की पोरगे पळत सुटते. संध्याकाळी मात्र एक वेळ अशी येते की कुणी पळत नाही. सूर्य मावळला की शंख फुंकतात किंवा घंटा वाजते. घरोघर प्रार्थना सुरू होते. याला 'सा' म्हणतात. पाव तासभर सगळे थांबते. चालणारा थांबतो. दुकानाची खिडकीही लावून घेतात. जो हे पाळणार नाही त्याला गावची पंचायत दंड करते. रविवारी पुष्कळशी दुकाने बंदच.

आता थोडे मागे जाऊ. दुकाने आली कशी?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गोऱ्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या सामोआत होत्या. त्यांना हवे होते खोबरे. गावकरी नारळ फोडून, खोबरे वाळवून पेढीवर न्यायचे. तिथे ते तोलले जाई. तागडी व्यापाऱ्याची, भाव व्यापाऱ्याचा, आणि मोबदला म्हणून मिळणारे कापड, रॉकेल, डबे हेही व्यापाऱ्याचेच! पुढच्या खोबऱ्यावर आज उचल घ्यायची, म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच दारात जावे लागे. हे चक्र आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगायला नको.

सामोआवर १९०० ते १९१४ जर्मनांचे राज्य होते. त्या काळात लोकांनी ठरवले, आपण आपलीच कंपनी काढू, आपले खोबरे आपणच विकू. १९०४-०५ ची ही गोष्ट. या चळवळीचे नाव 'ओलोआ'च होते. पण जर्मन गव्हर्नर सोल्फ याला ते खपले नाही. त्याने ती मोडून काढली. माल लोकांचा, मेहनत लोकांची, पण विकण्याचा हक्क लोकांचा नाही, असा तो न्याय.

पुढे १९१४ साली न्यूझीलंडचे सैन्य आले आणि राज्य त्यांचे झाले. तेव्हा ओलाफ नेल्सन नावाचा एक मोठा व्यापारी होता. बाप स्वीडनचा, आई सामोआची. बेटांवर त्याची पुष्कळ दुकाने होती. सरकारने खोबऱ्याच्या व्यापारात हात घातला तेव्हा त्याच्या धंद्याला धक्का बसला. तो सरकारविरुद्ध उभा राहिला, त्यात त्याचा स्वार्थही होता. तो नव्हता असे म्हणणे खरे होणार नाही. पण लोकांची गाऱ्हाणी खरी होती, आणि लोक हजारोंनी उठले. या चळवळीला 'माऊ' म्हणत. माऊच्या लोकांनी कर देणे थांबवले. आपियातल्या गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहत आणि आत जाणाऱ्याला परतवत. १९२८ साली सरकारने नेल्सनला देशाबाहेर घालवले. २८ डिसेंबर १९२९ रोजी आपियाच्या रस्त्यावर माऊची मिरवणूक निघाली असता पोलिसांनी गोळीबार केला. लोकांना शांत करायला पुढे झालेला पुढारी तुपुआ तामासेसे यालाही गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. लोकांनी सूड घेऊ नये, असे तो मरताना सांगून गेला. सामोआ स्वतंत्र झाला तो १ जानेवारी १९६२ रोजी. या गोळीबाराबद्दल आणि इतर अन्यायांबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी २००२ साली सामोआची माफी मागितली.

व्यापाराचे वजन तिथे किती, याची आणखी एक नवलाची गोष्ट. सामोआने व्यापारासाठी वारसुद्धा बदलला! पृथ्वीवर पॅसिफिक महासागरात एक रेघ मानली आहे. तिच्या एका बाजूला शुक्रवार असला तर दुसऱ्या बाजूला शनिवार. १८९२ साली अमेरिकन व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी सामोआ अमेरिकेच्या बाजूला गेला. त्या वर्षी ४ जुलै ही तारीख दोनदा आली. पुढे व्यापार न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाशी वाढला. मग पंचाईत व्हायची. सामोआत शुक्रवारचे काम चालू, तर तिकडे शनिवारची सुट्टी. सामोआत रविवार, तर तिकडे सोमवारची कचेरी उघडलेली. आठवड्याचे दोन दिवस वाया. म्हणून २०११ साली सामोआ पुन्हा रेघेच्या पलीकडे आला. २९ डिसेंबरचा गुरुवार संपला आणि लोक उठले ते ३१ डिसेंबरच्या शनिवारी. मधला शुक्रवार त्या देशात उगवलाच नाही.

माल बाहेरून येतो, त्याबरोबर वाईटही येते. टर्की नावाचा एक मोठा कोंबडीसारखा पक्षी असतो. त्याच्या शेपटाचा भाग म्हणजे नुसती चरबी. परदेशात तो फारसे कुणी खात नाही, म्हणून स्वस्तात सामोआत येई आणि गरिबाच्या ताटात पडे. लठ्ठपणा आणि मधुमेह तिथे फार वाढला. म्हणून सरकारने २००७ साली ही शेपटे आणायला बंदी केली. पण २०१२ साली सामोआ जागतिक व्यापार संघटनेत शिरला, आणि त्यासाठी बंदी सोडून देणे भाग पडले. स्वस्त आहे म्हणून घ्यायचे की नाही, हे ठरवणे पुन्हा घरच्या माणसावर आले.

आता मुख्य अडचण. ती म्हणजे उधारी. सामोआत तिला 'आईतालाफू' म्हणतात.

सामोआत माणूस एकटा नसतो. तो आपल्या 'आईगा'चा असतो. आईगा म्हणजे भाऊबंद, सोयरे, सगळे मिळून मोठे कुटुंब. त्याचा कर्ता तो 'मताई'. जमीन आईगाची. देशातली पाचातली चार हिस्से जमीन अशी सामायिक आहे. ती विकता येत नाही. कुणाकडे मयत झाले, लग्न निघाले, कुणाला मताईचा मान मिळाला, की सगळ्यांनी भार उचलायचा. चटया, पैसे, डुकरे आणि डब्यांची खोकी न्यायची. यात मागे राहिला तो माणूसच नव्हे, अशी समजूत.

अशा गावात दुकान घालायचे म्हणजे काय होते? मयताच्या दिवशी चुलता येतो. म्हणतो, "मासळीचं एक खोकं दे. पैसे मागाहून." नाही कसे म्हणणार? तो चुलता. उद्या आपल्या घरी प्रसंग आला तर तोच पहिला धावून येईल. खोके देतो. मग मावशी येते. मग मेहुणा.

आता पाटी घ्या. आपण हिशेब करू. तिथले नाणे 'ताला'. समजा, एक खोके दुकानदाराला १०० तालाला पडले. ते त्याने ११५ तालाला विकले. नफा १५ ताला. आता एक खोके उधार गेले नि पैसे बुडाले. खोट किती? १०० ताला. ती भरून काढायला किती खोकी रोखीने विकावी लागतील? सहा खोक्यांचा नफा ९० ताला. सहा पुरत नाहीत. सात विकावी तेव्हा १०५ येतात. म्हणजे एक खोके बुडाले तर सात खोक्यांची मेहनत फुकट! आणि घाऊक व्यापारी आपियात बसलेला. त्याला रोख पैसे हवेत. सावाई बेटावरच्या दुकानदाराचा माल तर नावेतून यायचा. नावेचे भाडे निराळे. अशी चार-पाच खोकी बुडाली की फळ्या रिकाम्या पडतात, आणि एक दिवस खिडकी बंद ती बंदच. मग गावाला पावासाठीही दूर जावे लागते. उधार नेणारे तेच, आणि हाल होतात तेही त्यांचेच.

म्हणून परक्या माणसाचे दुकान पुष्कळदा टिकते. त्याला तिथे चुलता नाही, मावशी नाही. तो सरळ 'नाही' म्हणू शकतो. लोक म्हणतात, त्याला काळीज नाही. पण साखर त्याच्याकडेच मिळते! मला मात्र हा तोडगा अर्धाच वाटतो. ज्याने कुणालाच कधी काही दिले नाही, त्याला तिथे गावात मान नाही. आणि नुसत्या पैशाला तिथे कोण विचारतो?

हुशार दुकानदार दोन गोष्टी वेगळ्या करतो. एक देणे, दुसरे उधार देणे. मयताला दोन खोकी द्यायची तर ती आपल्या घरची म्हणून द्यायची, आणि घरच्या खर्चात मांडायची. ती परत यायची नाहीत, हे आधीच धरून चालायचे. उधार मात्र वहीत जाते. नाव, तारीख, जिन्नस, रक्कम. नेणाऱ्याच्या देखत लिहायचे आणि त्याला वाचून दाखवायचे. तिथे बहुतेकांना लिहिता-वाचता येते, त्यामुळे "मी नेलंच नव्हतं" असे म्हणायला जागा राहत नाही. पुष्कळ घरांतला मुलगा किंवा मुलगी न्यूझीलंडात नाहीतर ऑस्ट्रेलियात कामाला असते. तिकडून मनिऑर्डरीसारखे पैसे येतात, तेव्हा जुनी उधारी फिटते. म्हणून कुणाच्या घरचे कोण बाहेर आहे, हे दुकानदाराला माहीत असावे लागते.

भांडवलाचे काय? जमीन सामायिक, म्हणून ती बँकेत गहाण ठेवता येत नाही. गहाण नाही तर कर्ज नाही. बायकांची तर आणखीच अडचण. २००० साली साउथ पॅसिफिक बिझनेस डेव्हलपमेंट नावाची संस्था सामोआत सुरू झाली. बांगलादेशातल्या ग्रामीण बँकेसारखी तिची रीत. तारण मागत नाही. गावातल्या बायकांचा गट करायचा, एकमेकींची हमी द्यायची, आणि थोडे थोडे करून कर्ज फेडायचे. कुणी त्यातून शिवणाचे यंत्र घेते, कुणी कोंबड्या, कुणी दुकानाचा माल. इथे एक फायदा असा होतो की दारात उधारी मागायला आलेल्या मावशीला सांगता येते, "मावशी, हा पैसा माझा एकटीचा नाही. माझा हप्ता चुकला तर शेजारणींना भरावा लागेल." मावशीही त्याच गटात असली, तर तिला ते निराळे समजवावे लागत नाही.