खचलेल्या मनाला नवं काही द्यायचं, तर बीडमध्ये खर्च किती?

पीक पाण्यात गेलं, भरतीच्या यादीत नाव आलं नाही, दुकानाला कुलूप लागलं, ठरलेलं लग्न मोडलं. अशा वेळी घरचे म्हणतात, दुसऱ्या कशात तरी मन रमव. सल्ला बरोबर आहे. पण मन खचतं तेव्हा खिसाही बहुधा रिकामाच असतो. म्हणून आपल्या जिल्ह्यात काय करून बघता येईल आणि त्याला किती पैसे लागतील, ते इथे मांडतो. आग्रह एकच : पहिला महिना फुकटात किंवा शे-पाचशेत निभेल असंच काही निवडा. उसनवारी करून आणलेलं सामान चार दिवसांत कोपऱ्यात पडलं, की त्याचाही सल राहतो.

सगळ्यात स्वस्त म्हणजे पळणं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि तिथेच क्रॉसकंट्रीकडे वळला. २०१७ मध्ये त्याने स्टीपलचेस हा अडथळ्यांच्या शर्यतीचा प्रकार नव्याने धरला. दुखापतीमुळे २०१८ च्या आशियाई स्पर्धेची संधी हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने ३७ वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला रौप्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊला सुवर्ण मिळवलं. तुम्हाला पदकं आणायची नाहीत, पण धरायची ती वाट त्याच्यासारखीच बिनखर्चाची आहे. सुरुवातीला पायात असतील ते बूट चालतील. महिनाभर सवय टिकली तरच हजार-दोन हजारांचे पळायचे बूट घ्या. चाळिशी उलटली असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. भरतीची तयारी करणारी मुलं-मुली पहाटे मैदानावर असतातच. त्यांच्या मागोमाग चालायला लागा, पळणं आपोआप येईल.

घराबाहेर पडणं हाच ज्यांच्यासाठी मोठा उपाय आहे, त्यांच्यासाठी एसटी आहे. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा सहा किलोमीटरचा टप्पा १० रुपये ५ पैशांना पडतो. या हिशेबाने बीडहून मांजरसुंब्याला तिशीच्या आसपास लागतात. तिथून आत कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, पावसाळ्यात धबधबाही असतो. अंबाजोगाई नव्वदेक किलोमीटर, म्हणजे जाण्याचे साधारण दीडशे. योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखान्याची लेणी एका दिवसात निवांत होतात. महिलांना अर्धंच तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत. घरून भाकरी बांधून नेली, तर बाईमाणसाची अंबाजोगाईची फेरी दोनशेच्या आत सहज होते. एकट्याने जायला धीर होत नसेल, तर शेजारणीला सोबत घ्या.

हाताला काम हवं असेल, तर पैसे भरून कुठलाही कोर्स लावण्याआधी आरसेटीत, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, चौकशी करा. ग्रामीण तरुणांना शिवणकाम, मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन असे कोर्स तिथे मोफत शिकवतात. राहणं-जेवणही मोफत असतं. कोर्स आठवड्याभरापासून दीड महिन्यापर्यंतचे असतात. शेतीतलंच काही नवं शिकायचं असेल, तर गेवराई तालुक्यात खामगावला आणि अंबाजोगाईला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. एक मात्र कळकळीने सांगतो : शेळीपालन शिकायला पैसे लागत नाहीत, शेळ्या घ्यायला लागतात. शिकून झाल्याबरोबर सावकाराच्या दारात जाऊ नका.

वाचनालयाच्या वाचनकक्षात बसायला फारसा खर्च नाही. पुस्तकं घरी न्यायची असतील, तर अनामत आणि थोडी वर्गणी भरावी लागते. गावातल्या भजनी मंडळात तर नुसतं जाऊन बसलं, तरी हातात टाळ मिळतो. आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात मंडळ आहे आणि नवशिक्याला कुणी हाकलत नाही. पेटी शिकायची इच्छा झाली, तर मंडळाच्याच पेटीवर बोटं फिरवा. स्वतःची पेटी घ्यायची घाई नको, त्यात हजारो रुपये अडकतात.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला शुल्क नाही, राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत. शिबिर पूर्ण झाल्यावर ज्याला वाटेल त्याने दान द्यायचं. छत्रपती संभाजीनगरला केंद्र आहे, तिथवरचं एसटीचं तिकीट सव्वादोनशेच्या घरात जातं. पण दहा दिवस मौन आणि मोबाइल बंद, हे प्रत्येकाला झेपत नाही. मानसिक आजारावर गोळ्या चालू असतील, तर अर्जात ते लपवू नका आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

यातलं काहीच करावंसं वाटत नसेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर छंद शोधत बसू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करा, तो मोफत आहे. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, आणि त्यात मनाच्या आजारांवरचे उपचारही येतात. शेजारीपाजारी कुणी असं बोलत असेल, तर त्याला एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

शेवटी खासगी क्लासविषयी. योगा, जिम, नृत्य, गिटार, काहीही लावा, पण वर्षाची फी एकदम भरू नका. 'आजच भरलं तर निम्म्यात' हे वाक्य खचलेल्या माणसाला लवकर पटतं. आधी एक-दोन दिवस फुकट बसू द्या म्हणा, मग महिन्याचे पैसे द्या. पावती घ्या, मध्येच सोडलं तर किती परत मिळणार ते त्यावर लिहून घ्या. वाद झालाच, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही.